कापलेला कोपरा

७ जानेवारी

ही वही ताईने दिली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या दुकानात अशा वह्या वाटतात. पहिल्या पानावर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं छापलेली आहेत. बाबांना चौथ्या ओळीपर्यंत दिसलं, आईने पाठ करून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवलं.

"तुझा राग यात लिहीत जा," ताई म्हणाली. "माणसांवर कमी निघेल."

तर लिहितो. मी कॉलेज सोडून चौदा महिने झाले. जीवशास्त्राचं तिसरं वर्ष, एक सत्र आणि एक प्रकल्प उरला होता. सध्या एका रक्त तपासणी केंद्रात नळ्यांवर चिकटपट्ट्या लावतो. नाव, वय, स्त्री की पुरुष. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर स्वतःच शिकतो. गेल्या वर्षभरात दोन प्रोग्रामिंग भाषा शिकलो आणि जनुकांची माहिती वाचायला शिकलो. याला बायोइन्फर्मेटिक्स म्हणतात. आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे कॉम्प्युटरवर जंतू पाळायचे. घरात नकोत म्हणजे झालं."

संशोधनातली नोकरी मिळवायची. पदवी नसताना मिळवायची. आणि मग विभागप्रमुखांना, म्हणजे बुरशी सरांना, कुणाकडून तरी ते कळेल अशी व्यवस्था करायची. सरांचा विषय बुरशी, म्हणून नाव बुरशी. बाकी गैरसमज नको, दिसायला बरे आहेत.

९ जानेवारी

आजचा अर्ज बारावा. संस्थेच्या फॉर्ममध्ये 'पदवी मिळाल्याचं वर्ष' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. रिकामा सोडला, लाल झाला. शून्य टाकलं, लाल झाला. शेवटी पुढच्या वर्षाचा आकडा टाकला. मशीनने मुकाट्याने घेतला आणि वर अभिनंदन केलं.

बाबा मागे उभे राहून बघत होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे कुठलीही वस्तू अडकलेली दिसली की थांबतात.

"खोटं लिहिलंस का?"

"अजून खोटं नाही. पुढच्या वर्षी होईल."

ते थांबूनच राहिले. मी मागे जाऊन अर्ज रद्द केला. आता बारावा पुन्हा अकरावाच.

१४ जानेवारी

कॉलेज का सोडलं ते एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

प्रकल्पात आम्ही दोघं जोडीदार होतो, ती आणि मी. मातीतले बारा जिवाणू घ्यायचे आणि त्यातला कोणता एक ठराविक पाचकरस जास्त करतो ते मोजायचं. त्यासाठी शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान. बारा उभ्या रांगा, प्रत्येक जिवाणूला एक. प्रत्येक खळग्यात थेंबभर द्रव घालायचा आणि प्लेट मशीनमध्ये ठेवायची. किती रस झाला ते मशीन उजेडावरून सांगतं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही.

माझ्या प्लेटमध्ये एक नंबरचा जिवाणू सगळ्यात वरचढ निघाला. आधीच्या वर्षीच्या मुलांनी त्याला टाकाऊ ठरवला होता आणि बारा नंबरला राजा. मी सगळं उलटवलं होतं. मी सरांकडे धावत गेलो. सरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "परत कर."

बस. परत कर. म्हणजे मी आकडे बनवले, असंच ना? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली. टेबलावरची बुरशीची एक बशी खाली पडली. बरंच काही बोललो. त्यातलं 'तुमच्यासारख्यांमुळे' हे एवढंच नीट आठवतं.

ती दारात उभी होती. माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही. जिन्यात एवढंच म्हणाली, "सर म्हणतात तर परत करूया ना. मी आहे की. उद्या सकाळी लवकर येऊ." म्हणजे तिलाही वाटलं की मी खोटारडा आहे. मी तिला म्हटलं, तू कर आणि सरांच्या मांडीवर बसून कर. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून नाव काढायला गेलो.

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. ते रोज आठवतं. प्लेट एवढी आठवत नाही.

१७ जानेवारी

ताईने दुकानातून एक जाहिरातीची चिठ्ठी आणली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत माणूस हवाय.

"तुला कुठे मिळाली?"

"एक गिऱ्हाईक आहे आमचं. संशोधनात आहे. फ्रेम नाकावरून सारखी घसरते, म्हणून दर शनिवारी पाच वाजता स्क्रू आवळून घ्यायला येतं. मी म्हटलं, माझा भाऊ घरी बसून कॉम्प्युटरवर जंतू पाळतो. तर म्हणे, त्याला हे द्या."

बिचारा कुणीतरी म्हातारा प्रोफेसर असणार. संशोधनात आयुष्य गेलं आणि एक नीट चष्मा घेता आला नाही. मी म्हटलं, नवी फ्रेम का विकत नाहीस त्याला? ताई म्हणाली, "दुकान माझं असतं तर विकली असती," आणि उगाच हसत आत गेली.

१८ जानेवारी

तिला संदेश लिहिला. खोडला. परत लिहिला, खोडला. सातव्यांदा फक्त 'कशी आहेस' उरलं, तेही खोडलं.

तिचा चष्मा नाकावरून खाली आला की ती मनगटाने वर ढकलायची, कारण हातात हातमोजे असायचे. असं दर दोन मिनिटांनी. मी एका तासात एकतीस वेळा मोजलंय. त्या तासाला मी दुसरं काय केलं, आठवत नाही.

२३ जानेवारी

चिठ्ठीतल्या प्रयोगशाळेचा नकार. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मी चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. पदवी म्हणजे काय आणि डोकं म्हणजे काय, सगळं सविस्तर. पाठवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: 'या पत्त्यावर आलेली पत्रं कुणी वाचत नाही.'

आई म्हणाली, "देवच पावला म्हणायचा."

२ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाने या शनिवारी कमाल केली. छापील जाहिरातच पाठवली. एका प्रयोगशाळेला रुग्णांच्या जनुकांची माहिती तपासणारा सहायक हवाय. आणि त्यात लिहिलंय की पदवी असल्यास उत्तम, नसल्यास सोबतचा प्रश्न सोडवून पाठवा. मी ते वाक्य तीनदा वाचलं. ताईला वाचून दाखवलं. बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "हे दार हाताने उघडतं वाटतं."

अट एकच: पूर्वीच्या एका शिक्षकाचं पत्र जोडायचं. माझ्या बाबतीत शिक्षक म्हणजे बुरशी सर. त्या जिन्याची पायरी चढायची नाही असा मी कानाला खडा लावलाय. प्रश्न इतका सुंदर सोडवीन की पत्राची आठवणच त्यांना राहणार नाही.

ताईने गिऱ्हाइकाचा निरोपही सांगितला: "त्याला सांगा, सोडवलं की लगेच पाठवू नकोस. एक रात्र ठेव, सकाळी परत बघ, मग पाठव."

"मी उतावळा आहे हे म्हाताऱ्याला कसं कळलं?"

"मी सांगते ना घरचं सगळं," ताई म्हणाली.

घरातली गुपितं चष्म्याच्या दुकानात टांगलेली आहेत तर.

५ फेब्रुवारी

प्रश्न असा. ब्याण्णव माणसांच्या रक्ताचे नमुने, काही आजारी, काही निरोगी. चार खळगे नुसत्या पाण्याचे. एकूण शहाण्णव. आजाऱ्यांमध्ये कोणती जनुकं जास्त काम करतात, ते शोधा.

चार दिवस बसतोय. काहीच निघत नाही. आजारी आणि निरोगी सगळे एकसारखे कालवलेले. चार खळगे अगदी रिकामे आले, ते खराब नमुने म्हणून मी काढून टाकले. पाण्याच्या खळग्यांत भरपूर जनुकं दिसतात, म्हणजे कुणाचा तरी हात अस्वच्छ होता. आणि जे जनुक फक्त पुरुषांत असतं ते कित्येक बायकांमध्ये दिसतंय आणि पुरुषांमध्ये नाही.

असली घाण माहिती देऊन परीक्षा घेतात. एक झणझणीत पत्र लिहून ठेवलंय. निरोपाप्रमाणे एक रात्र ठेवतोय, म्हाताऱ्याच्या मानाखातर.

६ फेब्रुवारी

पत्र पाठवलं नाही. सांगतो का.

आमच्या तपासणी केंद्रातले टेक्निशियन काका रक्ताच्या नळ्यांच्या प्रत्येक स्टँडच्या एका कोपऱ्याला लाल नेलपॉलिश लावतात. काकूंच्या बाटलीतलं. पहिल्या दिवसापासून मी त्यावरून त्यांची चेष्टा करतो. आज एका स्टँडचा रंग उडाला होता. ते बाटली काढून बसले आणि मी म्हटलं, "काका, दुसऱ्या हातालाही लावा."

"हस लेका," काका म्हणाले. "नवीन होतो तेव्हा एकदा हा स्टँड उलटा ठेवला. पहिल्या माणसाचा रिपोर्ट शेवटच्याला. साठीच्या आजोबांना कळवलं, तुम्ही गरोदर आहात."

मी हसलो. मग हसता हसता थांबलो.

प्लेटचाही एक कोपरा कापलेला असतो. तो कशासाठी असतो हे मला तीन वर्षं माहीत आहे. मशीनला काय, कशीही घातली तरी गिळतं.

काकांना म्हटलं पोट दुखतंय. काका म्हणाले, "जा, डोळ्यांत दिसतंय कुठे दुखतंय ते." धावत घरी आलो. कॉम्प्युटरवर प्लेट उलटी फिरवली: पहिला खळगा शेवटचा, शेवटचा पहिला. मी काढून टाकलेले ते चार रिकामे खळगे बरोबर पाण्याच्या जागी जाऊन बसले. बायका बायका झाल्या, पुरुष पुरुष. आजारी एका बाजूला गेले, निरोगी दुसऱ्या. शाळा सुटताना गोंधळ असतो आणि घंटा झाल्यावर रांगा लागतात, तसं.

कोणती जनुकं ते पंधरा मिनिटांत निघालं. आईला उचलून फिरवली. तिने डोक्यात चमचा घातला.

एक रात्र ठेवतोय.

७ फेब्रुवारी

सकाळी परत तपासलं, बरोबर आहे, पाठवलं.

मग चहा पिताना उगाच एक विचार आला. विचार करायला नको होता असं अर्धा तास वाटलं. जुन्या कॉम्प्युटरमधून माझ्या प्रकल्पाचे आकडे काढले. पंधरा महिन्यांपूर्वीची प्लेट. उलटी केली.

बारा नंबर राजा. एक नंबर टाकाऊ. मधले दहाही आधीच्या मुलांच्या आकड्यांशी तंतोतंत.

सर सांगायचे, पाण्याचे खळगे ठेवत जा. मी ठेवले नव्हते. जागा वाया जाते म्हणून.

८ फेब्रुवारी

आज काही नाही.

९ फेब्रुवारी

ती प्लेट मशीनमध्ये मीच ठेवली होती. "दे, मी ठेवते," ती म्हणाली होती आणि मी म्हटलं होतं, "तू नुसती बघ." मग तिने मनगटाने चष्मा वर ढकलला आणि हसली. मी तिच्याकडे बघत होतो. मशीनचा कप्पा माझ्या हाताने बंद झाला एवढं माहीत आहे. कोपरा कुठे होता, देव जाणे.

पंधरा महिने मी सगळ्या जगाला सांगत फिरलो की माझ्यावर अन्याय झाला. घरच्यांनी विश्वास ठेवला. हे सगळ्यात वाईट.

जेवताना बाबांना सांगितलं. म्हटलं, चूक माझीच होती. ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दार बडवतात, मला शिव्या घालतात. बाहेर आल्यावर बघितलं तर कुणीतरी आतून थांबायचं बटण दाबलेलं असतं."

"मग तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"काही नाही. जिन्याने जा म्हणतो. जिना चालू असतो."

१२ फेब्रुवारी

जिन्याने गेलो. पायऱ्या चौतीस.

सर एकटेच होते, बशांवर तारखा घालत होते. मला बघून त्यांनी सगळ्यात आधी टेबलाच्या कडेची बशी आत सरकवली.

मी पाठ केलेलं विसरलो. "सर, प्लेट उलटी होती," एवढंच बाहेर आलं. "मी उलटी ठेवली होती. आणि पाण्याचे खळगे नव्हते. आणि बाकी जे बोललो ते पण."

"बस," ते म्हणाले. मी बसलो. त्यांनी कपाटातून प्रकल्पाची वही काढली. मी आपटलेली तीच, कोपरा दुमडलेला. शेवटून तिसऱ्या पानावर तिचं अक्षर होतं. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, वेळ सकाळी साडेसात. तिने प्लेट परत केली होती. पाण्याच्या चार खळग्यांसकट. खाली प्रयोग करणाऱ्यांची नावं: आधी माझं, मग तिचं.

"मला त्याच दिवशी संशय होता," सर म्हणाले. "म्हणून म्हटलं, परत कर. मी माझ्या उमेदवारीत दोनदा उलटी घातलीय. तुला ऐकू काय आलं?"

"खोटारडा."

"मी असले शब्द वापरत नाही. तुला कळवायला हवं होतं. पण बशी फोडलेल्या पोराला पत्र कोण लिहिणार, असं मलाही वाटलं. म्हातारा झालो म्हणून राग जातो असं नाही."

मग मीच पत्राचं विचारलं. लाज वाटली पण विचारलं. त्यांनी तिथेच लिहिलं आणि पाकीट न चिकटवता दिलं. लिहिलंय: 'मुलगा रागीट आहे. हाताने अधीर आहे, डोक्याने नाही. स्वतःची चूक स्वतः शोधली आणि सांगायला आला. पंधरा महिने लागले. पुढच्या वेळी कमी लागतील.'

निघताना म्हणाले, "एक सत्र राहिलंय तुझं. अर्ज जूनमध्ये निघतात. आणि मला काय म्हणता ते मला माहीत आहे. बुरशीशिवाय जगातलं काहीही कुजलं नसतं, एवढं लक्षात ठेव."

१३ फेब्रुवारी

साडेसातला येण्यासाठी तिला घरून सहाला निघावं लागत असणार.

दोघांचं नाव का लिहिलं तिने? बहुतेक प्रामाणिक आहे म्हणून. ती पहिल्यापासून नियमाने वागणारी.

२१ फेब्रुवारी

मुलाखत झाली. ताईने सांगितलेल्या दोन गोष्टी पाळल्या: बूट पुसले, आणि पहिला प्रश्न पूर्ण होईपर्यंत तोंड उघडलं नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणजे पांढऱ्या केसांचा बॉब आणि पायात धावायचे बूट. टेबलावर माझं उत्तर होतं.

"चोपन्न उत्तरं आली," त्या म्हणाल्या. "सुंदर आकृत्या होत्या. पन्नास जणांनी ते चार रिकामे नमुने काढून टाकले."

"मी पण काढले होते. आधी."

"मग?"

नेलपॉलिशपासून सुरुवात केली. थांबता आलं असतं, पण मग कॉलेजचंही सांगितलं. प्लेट, सर, बशी, पंधरा महिने. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे सांगायची गरज नव्हती. पत्र पुरेसं होतं."

"तुम्ही विचारलंत कसं कळलं. असं कळलं."

"प्लेट ठेवताना लक्ष कुठे होतं तुझं?"

माझे कान गरम झाले. मी म्हटलं, खोलीतच होतं. बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, हसू आवरत असाव्यात. मग म्हणाल्या, "ही परीक्षेतली प्लेट खरी आहे. आठ महिने आम्ही त्या आकड्यांवर डोकं फोडलं. उलटी कुणी घातली होती माहितीय? मी. फोनवर आईशी भांडत होते."

दोन अटी घातल्या. राहिलेलं सत्र पूर्ण करायचं, त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस मोकळे. आणि राग आला की उत्तर लगेच पाठवायचं नाही. मी म्हटलं, एक रात्र ठेवतो. त्यांनी चमकून बघितलं. "हे कुणी शिकवलं?"

"ताईच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेही एक मुलगी हेच म्हणत असते."

चांगली सवय आहे, पसरलेली दिसते.

२७ फेब्रुवारी

मिळाली. दोन मार्चपासून. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं आणि म्हणाले, "कितव्या मजल्यावर?" तिसऱ्या. "लिफ्ट कुठल्या कंपनीची?" मला काय माहीत. "बघून सांग."

टेक्निशियन काकांनी निरोप म्हणून नेलपॉलिशची अर्धी बाटली दिली. काकू ओरडणार आहेत.

आज तिला चिठ्ठी लिहिली. फोनवर नाही, कागदावर, म्हणजे खोडायला लाज वाटते. 'प्लेट मी उलटी ठेवली होती, कारण तुझ्याकडे बघत होतो. जिन्यात जे बोललो त्याबद्दल माफी. वहीतलं पान बघितलं.' एवढंच. ताईला विचारलं, तिचा पत्ता कसा मिळवायचा?

ताई म्हणाली, "पत्ता कशाला. एक रात्र ठेव आणि खिशात घाल."

२८ फेब्रुवारी, शनिवार

म्हाताऱ्याला भेटायला निघालोय. पाच वाजता स्क्रू आवळायला येईल तेव्हा दुकानात हात जोडून आभार मानणार. एवढी नोकरी मिळवून दिली आणि मी त्याला अजून बघितलंही नाही. त्याच्यासाठी नाकाला न टोचणाऱ्या मऊ गाद्यांची जोडी घेतलीय. फ्रेमला लावल्या की चष्मा घसरणार नाही. ताई म्हणते, अशी भेट दिलीस तर ते गिऱ्हाईक तुटेल आमचं. दुकानदारांचा जीव किती लहान असतो.

बाकी ताईचं आज काही कळत नाही. सकाळपासून मागे लागलीय. दाढी कर. निळा शर्ट घाल, इस्त्री केलाय. केस विंचर. मी म्हटलं, अगं, म्हाताऱ्याला काय करायचंय माझ्या शर्टाशी?

आई दारातून बघत होती. तिने माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "घाल रे. सांगतेय तर घाल."

घातला. चिठ्ठी वरच्या खिशात आहे. परत येताना तिचा पत्ता शोधायचा.